‘बूस्ट’चं बटण दाबलं की पैसे नेमके जातात कुठे?

गेल्या वर्षी एका ताईंचा फोन आला. त्या पुस्तकांची बांधणी करतात. उसवलेली शिवण, निखळलेला कणा, पुठ्ठ्यापासून सुटलेली पानं, काहीही त्यांच्याकडे गेलं की नीट होऊन परत येतं. त्या दिवशी आवाजात थकवा होता. "दादा, जास्त लोकांना दिसावी म्हणून पैसे भरून पोस्ट बूस्ट केली होती. अडीच हजार लाइक आले. फोन मात्र एकही नाही. माझं काय चुकतंय?"

लहान व्यवसाय करणाऱ्या कितीतरी लोकांकडून मी हाच प्रश्न ऐकला आहे. दर वेळी वाईट वाटतं ते याचं की कष्टाचे पैसे गेले, आणि ते का गेले हे कुणी त्यांना धड सांगितलंही नाही. म्हणून हे सगळं पहिल्यापासून, सावकाश.

## पोस्ट टाकली, मग ती सगळ्यांना का दिसत नाही?

आपल्याला वाटतं, हजार लोक आपलं पान फॉलो करतात म्हणजे आपली पोस्ट हजारांना दिसणार. तसं होत नाही. पोस्ट जितक्या वेगवेगळ्या माणसांपर्यंत पोचते त्या संख्येला ‘रीच’ म्हणतात, आणि पैसे न भरता मिळणारा रीच बहुतेक वेळा फॉलोअर्सच्या आकड्यापेक्षा खूपच कमी असतो.

कारण साधं आहे. एखाद्या सभेत बोलायला दोनशे जणांनी नावं दिली आणि वेळ आहे दोन तासांचा, तर सूत्रसंचालकाला निवड करावीच लागते. फेसबुकचं फीड, म्हणजे ते उघडल्यावर समोर येणारी पोस्टची रांग, २००६ मध्ये सुरू झालं. तिथल्या एका अधिकाऱ्याने २०१४ साली स्वतःच लिहिलं होतं की, एका माणसाने फेसबुक उघडलं की त्याला दाखवता येतील अशा सरासरी १,५०० गोष्टी रांगेत असतात आणि त्यातल्या सुमारे ३०० निवडून दाखवल्या जातात. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की आता घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना व्यवसायांच्या पानांपेक्षा जास्त महत्त्व मिळेल. म्हणजे आधीच लांब असलेल्या रांगेत आपण आणखी मागे गेलो.

"मग हे मुद्दाम करतात, आपण पैसे भरावेत म्हणून!" असं अनेक जण चिडून म्हणतात. त्यात काहीच तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालवणाऱ्या मेटा कंपनीच्या उत्पन्नातला ९५ टक्क्यांहून जास्त वाटा जाहिरातींचा आहे. पण गर्दी खरी आहे, हेही तितकंच खरं. आपण पैसे भरतो ते रांगेत पुढे जाण्यासाठी, आणि तिथला नंबर लिलावाने ठरतो.

## पातं लवायच्या आत होणारा लिलाव

कुणी ॲप उघडलं, बोट वर सरकवलं, की जाहिरातीची एक जागा तयार होते. त्या एका माणसासाठी, त्या एका जागेसाठी तिथल्या तिथे लिलाव होतो. आपण दिवसाचं बजेट टाकतो तेव्हा अशा हजारो छोट्या लिलावांमध्ये आपल्या वतीने बोली लागत असते.

सुरुवातीला हा लिलाव सरळ होता. १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या सर्च कंपनीने पद्धत आणली: दर क्लिकमागे जास्त पैसे देईल त्याचं नाव वर. गूगलने २००० साली जाहिराती विकायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये या पद्धतीत एक मोठी दुरुस्ती केली. बोलीबरोबर, लोक ती जाहिरात दाबण्याची शक्यता किती, हेही मोजायला लागले.

हे का केलं ते बघा. तुमच्याकडे भाड्याने द्यायला एक गाळा आहे. भाडं आत येणाऱ्या दर माणसामागे ठरलंय. पहिला म्हणतो, माणशी दहा देतो. दुसरा म्हणतो, माणशी चार. पण पहिल्याकडे दिवसाला दोघंच फिरकणार आणि दुसऱ्याकडे वीस जण येणार. वीस मोठे की ऐंशी? गाळा दुसऱ्यालाच मिळणार.

मेटाचा हिशोबही याच जातीचा आहे: तुमची बोली, गुणिले समोरच्याने हवी ती कृती करण्याची शक्यता, अधिक जाहिरातीचा दर्जा. "मोठ्या कंपन्यांच्या पैशापुढे माझा काय निभाव लागणार?" या शंकेचं उत्तर इथेच आहे. ज्याला खरोखर गरज आहे त्याला नेमकी भिडणारी जाहिरात कमी बोलीत जिंकू शकते. चांगला फोटो आणि नेमकं वाक्य यांनी खर्च खरोखरच खाली येतो. सगळ्यांना उद्देशून लिहिलेली गुळगुळीत जाहिरात महाग पडते, कारण ती कुणालाच आपली वाटत नाही.

## यंत्र आपलं ऐकतं, अगदी शब्दशः

आता ताईंच्या अडीच हजार लाइककडे येऊ. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच.

मी त्यांच्याशेजारी बसून त्या जाहिरातीचा तपशील उघडला. वर फोटो: डावीकडे चिंध्या झालेला शब्दकोश, उजवीकडे तोच, कापडी बांधणीत, कण्यावर सोनेरी अक्षरं. खाली उद्देशाच्या रकान्यात जास्त लाइक-कमेंट मिळवण्याचा पर्याय निवडलेला. वयोगट १८ ते ६५ आणि पुढे. कमेंटमध्ये ‘सुंदर’, ‘अप्रतिम’, ‘कला जपताय’, हात जोडलेली चित्रं. मनापासून केलेलं कौतुक होतं ते. पण त्या माणसांपैकी कुणाच्याच घरात फाटलेलं पुस्तक दुरुस्तीची वाट बघत पडलेलं नव्हतं.

जाहिरात देताना आपण एक ‘उद्देश’ निवडतो: लोकांना फक्त दिसावी, लाइक-कमेंट मिळावेत, मेसेज यावेत, वेबसाइटवर लोक यावेत किंवा विक्री व्हावी. घाईघाईने बूस्ट करताना ही निवड बऱ्याचदा आपोआप होऊन जाते आणि लाइक-कमेंटवर जाऊन थांबते. मग यंत्र कामाला लागतं. कोण वरचेवर लाइक करतं हे त्याला माहीत असतं, आणि नेमक्या त्याच लोकांना ते शोधून काढतं. मदतनीसाला ‘गर्दी जमव’ सांगितलं तर तो गर्दीच जमवेल. ‘ज्याचं पुस्तक फाटलंय त्याला बोलव’ असं सांगितलं असतं तर त्याने कमी माणसं आणली असती, पण वेगळी आणली असती.

आम्ही उद्देश बदलून ‘मेसेज’ केला. मजकूरही बदलला. आधीची पहिली ओळ होती, ‘पुस्तक बांधणीची पारंपरिक कला’. नवी लिहिली: ‘आजोबांची हस्तलिखित वही कपाटात सुटी होत चाललीय? पानं हरवायच्या आत फोटो पाठवा, काय करता येईल ते सांगते.’ या वेळी लाइक पन्नासही आले नाहीत. मेसेज पाच आले. त्यातल्या दोघांनी खरोखर पुस्तकं पाठवली. ताईंना सुरुवातीला लाइकचा हा घसरलेला आकडा पाहून धसका बसला होता, आणि तसं वाटणं साहजिकच आहे. आपल्या डोळ्यांना मोठ्या आकड्याची सवय लावलेली असते.

इथे यंत्राची आणखी एक सवय ठाऊक हवी. कुणाला दाखवलं की काम होतं हे शिकायला त्याला उदाहरणं लागतात. मेटाच्या जाहिरातीत या काळाला ‘लर्निंग फेज’ म्हणतात, आणि आठवड्यात साधारण ५० वेळा हवी ती कृती घडली की ते स्थिरावतं. लहान बजेटमध्ये हा आकडा गाठणं अवघड असतं. म्हणून तेवढेच पैसे पाच जाहिरातींत वाटू नका, एकीलाच द्या. आणि रोज सकाळी उठून त्यात फेरफार करू नका. मोठा बदल केला की शिकणं पहिल्यापासून सुरू होतं.

## "पण रिपोर्टमधले आकडे तर छान आहेत"

रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं: जाहिरातीमुळे इतके ग्राहक आले. हे वाक्य वाचताना ‘मुळे’ या शब्दापाशी थांबा. तिकीट काढून रांगेत उभ्या असलेल्यांना कुणी पत्रकं वाटली, तर पत्रक मिळालेले सगळेच आत जाणार. म्हणून ते पत्रकामुळे आले असं होत नाही.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या मोठ्या कंपनीने २०१२ मध्ये हे तपासून पाहिलं. कुणी सर्चमध्ये ‘ईबे’ असं टाइप केलं की वर ईबेची पैसे भरलेली जाहिरात यायची. कंपनीच्या अर्थतज्ज्ञांनी काही सर्च इंजिनांवर ती बंद केली. येणारी ९९.५ टक्के माणसं तरीही आलीच, जाहिरातीच्या खालच्या फुकट दुव्यावरून. ज्यांना यायचंच होतं त्यांच्यासाठी कंपनी पैसे मोजत होती.

याच संशोधनातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. इतर शब्दांवरच्या जाहिरातींचा असाच प्रयोग केला, तेव्हा नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर जाहिरातीचा परिणाम दिसला. नेहमीच्यांवर तो दिसला नाही. लहान व्यवसायाला तर जवळपास कुणीच ओळखत नाही. म्हणून माझं मत असं की नीट वापरली तर जाहिरात प्रसिद्ध कंपनीपेक्षा आपल्याला जास्त उपयोगी पडते. जे आपल्याला आधीपासून ओळखतात त्यांच्यावर मात्र ती खर्च करू नये.

तपासायचं कसं? दोन आठवडे जाहिरात बंद ठेवून बघा. आणि त्याहून सोपं म्हणजे प्रत्येक नव्या ग्राहकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" उत्तर वहीत लिहा. हे जुनाट वाटेल, पण या वहीची किंमत अलीकडे वाढली आहे. एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर नियम आणला की इतर ॲप्स आणि वेबसाइटवरच्या हालचालींचा माग काढायचा असेल तर आधी वापरणाऱ्याची परवानगी घ्यावी लागेल. पुष्कळांनी नकार दिला. या बदलामुळे २०२२ मध्ये आपल्या उत्पन्नाला सुमारे १० अब्ज डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज मेटाने स्वतः दिला होता. कुठली जाहिरात पाहून कोण आलं हे इतक्या मोठ्या कंपनीलाही पूर्वीसारखं दिसेनासं झालं. समोर बसलेला ग्राहक मात्र विचारलं तर सांगतो.

## जो स्वतः शोधत आलाय तो

फीडमधला माणूस विरंगुळ्यासाठी आलेला असतो. सर्चमधला अडचण घेऊन आलेला असतो. ‘जुनं पुस्तक दुरुस्ती’ असं टाइप करणाऱ्याच्या हातात ते पुस्तक त्या क्षणी असतं. म्हणून हातात पैसे थोडे असतील तर आधी शोधणाऱ्याला सापडा, मग न शोधणाऱ्याच्या मागे लागा, असं मी सगळ्यांना सांगतो.

यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. नकाशावर आपलं नाव, वेळ आणि फोन दिसतो तो तिथून. वर कोण दिसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: शोधलेल्या शब्दांशी तुमचं काम किती जुळतं, तुम्ही किती जवळ आहात, आणि तुमचं नाव किती परिचित आहे. जवळ असणं आपल्या हातात नाही. पण कामाचा प्रकार अचूक निवडणं, वेळा खऱ्या टाकणं, स्वतःच्या कामाचे फोटो लावणं हे एका बैठकीत होण्यासारखं आहे. सुट्टीच्या दिवशी ‘चालू आहे’ दिसलं आणि माणूस कुलूप पाहून परत गेला, तर तो पुन्हा येत नाही.

अभिप्रायांचं महत्त्व आपल्यासाठी विशेष आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लूका यांनी २०११ मध्ये सिएटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास मांडला. येल्प या अभिप्रायाच्या साइटवर एक तारा वाढला तर उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढत होतं. पण ही वाढ स्वतंत्र, एकट्या व्यवसायांत होती. मोठ्या साखळी कंपन्यांवर ताऱ्यांचा परिणाम दिसला नाही. त्यांचं नावच त्यांची हमी असतं. आपल्याला ती हमी अनोळखी माणसाच्या दोन ओळींतून मिळते. म्हणून काम आवडलेल्या ग्राहकाला अभिप्राय लिहायला मोकळेपणाने सांगा. विकतचे अभिप्राय घेऊ नका. ती फसवणूक आहे, आणि पकडलं गेलं तर सगळं प्रोफाइलच जाऊ शकतं.

## ओळखी कुठल्या कामाला येतात?

नेटवर्किंग म्हटलं की बऱ्याच जणांना कार्ड वाटत फिरणं आठवतं आणि अंगावर काटा येतो. त्यांना हे वाचून बरं वाटेल.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं होतं, ज्याने ही बातमी दिली त्याला त्या काळात तुम्ही किती वेळा भेटत होता? नेहमी भेटणारे निघाले १७ टक्क्यांच्या आसपास. अधूनमधून भेटणारे सुमारे ५६ टक्के, आणि क्वचित भेटणारे २८ टक्के. कामाची बातमी जवळच्यांकडून कमी आणि जुजबी ओळखीच्यांकडून जास्त आली होती. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या साइटवर २ कोटींहून जास्त वापरकर्त्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही नोकरी बदलायला मध्यम-जुजबी ओळखी सर्वात उपयोगी ठरल्या.

दोन्ही अभ्यास नोकरीचे आहेत, पण कारण व्यवसायालाही लागू पडतं. घरचे आणि जिवलग आपल्याच वर्तुळात असतात. त्यांना जे माहीत ते बहुतेक आपल्यालाही माहीत असतं. जुजबी ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात वावरतो आणि तिथली गरज त्याच्या कानावर आधी येते.

ताईंसाठी आम्ही कागदावर लिहून काढलं: फाटलेलं पुस्तक त्यांच्या आधी कुणाच्या नजरेस पडतं? ग्रंथपाल. जुनी पुस्तकं विकणारे. जुने दस्तऐवज स्कॅन करून देणारे. यातल्या कुणाशीच त्यांची स्पर्धा नव्हती, आणि गिऱ्हाईक तेच होतं. त्यांनी एका स्कॅनिंगवाल्याला मेसेज केला. ‘मला काम द्या’ असं लिहिलं नाही. लिहिलं ते एवढंच: ‘स्कॅन करताना कणा मोडू नये म्हणून पुस्तक कसं उघडावं याचा छोटा व्हिडिओ पाठवते, तुम्हाला उपयोग होईल.’ आज त्यांच्याकडे सगळ्यात जास्त कामं त्या एका माणसाकडून येतात.

"मला बोलायला जमत नाही," असं म्हणणाऱ्यांना मी हाच मेसेज दाखवतो. दोन वाक्यं आहेत, समोरच्याच्या उपयोगाची. अशा ओळखी तीन-चार महिन्यांतून एकदा विचारपूस केली तरी टिकतात.

## जागा भाड्याची, यादी आपली

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप एकाच वेळी बंद पडलं. जगभर सुमारे सहा तास. ज्यांचे सगळे ग्राहक तिथेच होते त्यांना कुणाशीच संपर्क करता येईना. आपल्यापैकी अनेकांनी ऑर्कुट या जुन्या सोशल साइटवरचे ग्रुप जीव लावून सांभाळले होते. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झालं आणि ती वस्ती उठली.

म्हणून ग्राहकाचं नाव, फोन, ईमेल आणि त्याने काय काम दिलं होतं, हे त्याच्या परवानगीने स्वतःच्या वहीत किंवा एक्सेलच्या फाइलमध्ये असू द्या. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ माणसं घेता येतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. अनेकांना ही अट जाचक वाटते. मला ती फार चांगली वाटते. कुणी तुमचा नंबर सेव्ह करतं म्हणजे त्याला पुन्हा तुमच्याकडे यायचं आहे, आणि असे शंभर नंबर मला दहा हजार फॉलोअर्सपेक्षा मोलाचे वाटतात.

## हे सगळं एजन्सीला देऊन टाकलं तर?

द्यायला हरकत नाही, चांगलं काम करणारे पुष्कळ आहेत. फक्त जाहिरातीचं अकाउंट आणि पान तुमच्या नावावर ठेवा, त्यांना वापरायची परवानगी द्या. अकाउंट त्यांच्या नावावर असेल तर ज्या दिवशी संबंध संपतो त्या दिवशी इतक्या महिन्यांचं शिकलेलं सगळं जातं. आणि कुणी ‘महिन्यात इतके हजार फॉलोअर्स’ अशी हमी देत असेल तर विचारा, यात उद्देश कुठला निवडणार? उत्तर गडबडलं की समजून जा.

## शेवटी किती माणसं हवीत?

ताई एकट्या काम करतात. डिंक वाळायला वेळ लागतो, शिवण हाताने होते. महिन्याला आठ-दहा पुस्तकांच्या वर त्यांच्याकडून होत नाहीत. अडीच हजार लोकांनी खरोखर फोन केला असता तर त्यांना फोन बंद ठेवावा लागला असता. त्यांना महिन्याला सात-आठ नवी माणसं हवीत, आणि त्यातली निम्मी जुन्या ग्राहकांनी पाठवली तर उत्तमच. बजेट किती ठेवायचं, किती पोस्ट टाकायच्या, या सगळ्याआधी प्रत्येकाने आपला हा आकडा काढावा असं मला कळकळीने वाटतं.

परवा त्यांनी वहीचं पान फोटो काढून पाठवलं. महिन्यात नवी सात नावं. तिघांपुढे ‘स्कॅनिंगवाले दादा’, दोघांपुढे ‘नकाशा’, एकापुढे ‘जाहिरात’. सातव्या नावापुढे प्रश्नचिन्ह होतं. खाली लिहिलं होतं, ‘विचारायचं राहिलं. पुस्तक न्यायला येतील तेव्हा विचारते.’